मागचा दरवाजा उघडा ठेवा: चिलखती गाड्यांच्या स्केल मॉडेलचा नाद

(हा एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जे ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’ जास्त झाले होते ते काढलेत, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय. लोकलच्या आवाजात आकडे निसटतात अशी तक्रार असते, म्हणून आकडे इथे निवांत बघून घ्या.)



आजचा विषय माझ्या टेबलावरचाच आहे. गेल्या दिवाळीत माझा मामा साताऱ्याहून आमच्याकडे मुलुंडला आला होता. मामा सैन्यात होता, मेकनाइज्ड इन्फन्ट्रीत. हवालदार म्हणून निवृत्त झाला. मी त्याला मोठ्या अभिमानाने माझं बीएमपी-२ चं मॉडेल दाखवलं. १/३५ स्केल, दोन महिन्यांचं काम. रंग, गंज, ट्रॅकवरचा चिखल, सगळं जमलं होतं. मामाने चष्मा वर सरकवला, गाडी फिरवून मागून बघितली, नखाने मागचा दरवाजा उघडायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, “अरे, हे उघडत नाही? मग पोरं उतरणार कुठून?”

मी दरवाजे चिकटवून टाकले होते. आत काहीच नव्हतं ना, म्हणून. बॉक्सवरच्या चित्रात दरवाजे बंद होते, मीही बंद केले. मामा पुढे काही बोलला नाही, चकली घेतली आणि टीव्ही बघायला गेला. पण त्या एका प्रश्नाने माझा या छंदाकडे बघायचा डोळा बदलला. आजचा एपिसोड त्यावरच.

एपीसी म्हणजे नक्की काय?

आधी मुळातून सुरू करू. आर्मर्ड पर्सोनेल कॅरियर, थोडक्यात एपीसी, म्हणजे सैनिकांना गोळ्यांपासून आणि तोफगोळ्यांच्या छर्‍यांपासून वाचवत पुढे नेणारी चिलखती गाडी. लांबून ती टँकसारखी दिसते, पण तिचं काम वेगळं. टँक स्वतः लढायला बनवलेला असतो. एपीसी माणसं पोहोचवायला बनवलेली असते.

घाटकोपर स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा आठवा. माणसं भरली, नाक्यावर सोडली, परत फिरली. साधी एपीसी असंच काम करते. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेची एम-११३. १९६० मध्ये ती सेवेत आली. अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी पेटी, खाली ट्रॅक, मागे खाली पडणारा रॅम्प. चालवणारे २ आणि मागे बसणारे ११. तिचे सगळे प्रकार धरले तर ८०,००० पेक्षा जास्त गाड्या बनल्या. व्हिएतनाममध्ये सुरुंगांच्या भीतीने सैनिक पुष्कळदा आत न बसता वर छतावरच बसायचे. संरक्षणासाठी बनवलेल्या पेटीच्या आत बसायला माणूस घाबरतो, हे फोटोत बघितलं की या गाड्यांची मर्यादाही कळते.

मग सोव्हिएत संघाने वेगळा विचार केला. माणसं सोडून परत का फिरायचं? तिथेच थांबून लढू की. त्यातून बीएमपी आली. १९६७ च्या मॉस्कोच्या संचलनात ती जगाला दिसली. अशा गाडीला इन्फन्ट्री फायटिंग व्हेइकल, म्हणजे आयएफव्ही म्हणतात. तिची पुढची आवृत्ती बीएमपी-२. वर ३० मिमीची तोफ, रणगाड्यांवर मारायचं क्षेपणास्त्र, चालवणारे ३ आणि सोबत ७ सैनिक. शिवाय ती पाण्यात तरंगते.

म्हणजे काटेकोर बोलायचं तर बीएमपी एपीसी नाही. पण किट जमवणारे लोक दोन्ही एकाच कपाटात ठेवतात, आणि मीही. कारण दोन्हींत एक गोष्ट समान आहे: मागे माणसं बसतात.

नगर, मेडक आणि आपलं अंबरनाथ

तुम्ही म्हणाल, हे सगळं रशिया-अमेरिकेचं. आपल्याशी काय संबंध? तर संबंध आहे, आणि तोही मुंबईहून माळशेज घाट ओलांडला की लगेच.

आपल्या सैन्यात १९७१ च्या युद्धाच्या सुमारास टोपास आणि स्कॉट नावाच्या गाड्या होत्या. टोपास चेकोस्लोव्हाकियाची, ट्रॅकवर चालणारी, सोव्हिएत बीटीआर-५० वरून बनवलेली. स्कॉट पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाची मिळून, आठ चाकांची. काही पायदळ बटालियन या गाड्यांवर गेल्या. पुढे १९७९ मध्ये जुन्या रेजिमेंटमधल्या अशा बटालियन एकत्र करून मेकनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट उभी राहिली. या कल्पनेमागे मोठा वाटा होता जनरल के. सुंदरजी यांचा, जे पुढे लष्करप्रमुख झाले. आणि या रेजिमेंटचं केंद्र कुठे? अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. माझ्या मामाचं ट्रेनिंग तिथलंच. तो अजून ‘नगर’च म्हणतो.

त्याच शहरात रणगाडा दलाचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे. चिलखती आणि लष्करी गाड्यांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही प्रयोगशाळाही तिथेच. टाटांच्या साथीने बनलेली आठ चाकांची व्हॅप ही नवी गाडी याच प्रयोगशाळेच्या कामातून आली. आणि तिथेच १९९४ मध्ये सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. लहानपणी शिर्डीच्या ट्रिपमध्ये बर्‍याच जणांनी ते उरकलं असेल. मॉडेल बनवायला लागल्यावर परत जा. वेल्डिंगची रेघ किती जाड असते, पत्र्याची कड कशी असते, रंग कुठे आधी उडतो, हे यूट्यूबवर कळत नाही.

बीएमपी-२ आपल्याकडे ‘सारथ’ या नावाने बनते. १९८४ मध्ये उभारलेल्या मेडकच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून १९८७ पासून या गाड्या बाहेर पडायला लागल्या. आज मेडकचा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीत येतो. या कंपनीचे पाच कारखाने आहेत, आणि त्यातला एक आहे आपल्या सेंट्रल लाइनवर, अंबरनाथला: मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. मी कॉलेजच्या चार वर्षांत कितीदा तरी अंबरनाथवरून पुढे गेलोय. खिडकीतून कधी मान वळवून बघितलं नाही.

स्केलचं गणित

आता किटकडे वळू. १/३५ म्हणजे खर्‍या गाडीच्या पस्तिसावा भाग. बीएमपी-२ ची लांबी सुमारे ६.७३ मीटर. १/३५ मध्ये ती होते साधारण १९ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या मोठ्यात मोठ्या फोनपेक्षा थोडी लांब. १/७२ मध्ये तीच गाडी सव्वानऊ सेंटिमीटरची, तळहातावर मावते. पावणेसहा फुटी माणूस १/३५ मध्ये पाच सेंटिमीटर, १/७२ मध्ये अडीचच्या आत.

३५ हा विचित्र आकडा आला कुठून? त्याची गोष्ट मजेशीर आहे. जपानच्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटरी आणि मोटर बसायला हवी होती, म्हणून त्या मापाने बॉडी ठरवली. नंतर मोजलं तर स्केल निघालं १/३५. तो रणगाडा खपला, पुढची मॉडेल्स त्याच मापात आली, दुसर्‍या कंपन्यांनीही तेच उचललं. आमच्या क्षेत्रात जसं कुणीतरी घाईत लिहिलेली एक व्हॅल्यू पुढे दहा वर्षं सगळं प्रॉडक्शन चालवते, तसंच.

उपनगरातल्या फ्लॅटसाठी माझा सल्ला: हात बसवायला पहिलं किट १/७२ चं घ्या, पण मनापासून आवडणारी एक गाडी १/३५ मध्ये करा. आतला भाग, बाकडी, दरवाजे, हे सगळं १/३५ मध्येच नीट करता येतं.

खर्च आणि हत्यारं

मी १/७२ ची किट साधारण हजार ते दोन हजारात घेतलीत आणि १/३५ ची तीन ते सहा हजारात. महाग का? कारण जवळजवळ सगळी किट बाहेरून येतात: जपान, चीन, रशिया, युक्रेन. आणि स्केल मॉडेल कस्टमच्या यादीत खेळण्यांच्याच सदरात मोडतात. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्यामुळे बाहेरच्या साइटवर दिसलेली किंमत आणि हातात पडलेली किंमत यांचा मेळ लागत नाही. ऑर्डर करण्याआधी विक्रेत्याला ड्युटीसकट किंमत विचारा.

हत्यारं मात्र फार लागत नाहीत. सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात तिला स्प्रू म्हणतात. त्यातून भाग कापायला एक चांगला निपर, एक कटर, ४०० ते १००० नंबरचा पॉलिश पेपर, चिमटा आणि मॉडेल सिमेंट. हे सिमेंट म्हणजे फेविकॉल नव्हे. ते प्लॅस्टिक किंचित वितळवतं, दोन भाग एकमेकांत मिसळतात आणि जोड पक्का होतो. म्हणून चुकलं तर सुटत नाही. माझे ते दरवाजे अजून सुटलेले नाहीत.

सिमेंट आणि रंग, दोन्हींचा वास डोक्यात जातो. खिडकी उघडी, पंखा चालू, स्प्रे असेल तर वाफ अडवणारा मास्क. आमच्याकडे स्वयंपाकघराला लागून बाल्कनी आहे, तिथे रात्री साडेनऊनंतरच मला परवानगी. आईचा नियम.

पावसाळ्यात वार्निश मारू नका

हा सल्ला परदेशी व्हिडिओत सहसा सापडणार नाही, म्हणून ठळक सांगतो. जुलैत मुंबईच्या हवेत इतकी ओल असते की मॅट वार्निश मारलं की ते पांढुरकं पडतं. अख्ख्या गाडीवर साय धरल्यासारखं दिसतं. माझी एक एम-११३ अशीच गेली. सुपरग्लूही ओलीत जोडाभोवती पांढरी वाफ सोडतो.

मी काय करतो: जून ते सप्टेंबर फक्त कापणं, घासणं, जोडणं. ब्रशने अ‍ॅक्रिलिक रंग चालतो, फक्त वाळायला वेळ द्यायचा. स्प्रे आणि वार्निश दसर्‍यानंतर. डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं आणि चिन्हं, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. बुटांच्या खोक्यात येतात त्याच पुड्या, टाकू नका.

आपली गाडी करायची तर

दुकानात बीएमपी-२ ची किट मिळतात, पण त्यातली डिकॅल बहुतेक सोव्हिएत किंवा रशियन. सारथ हवी तर तुम्हालाच करावी लागते, आणि खरं सांगतो, मजा तिथेच आहे.

पहिलं, नंबर. भारतीय लष्कराच्या गाडीवर आधी वर तोंड केलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, मग एक अक्षर, मग क्रमांक आणि शेवटी अजून एक अक्षर. घरचा इंकजेट प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. म्हणून काळ्यावर पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढर्‍या डिकॅल कागदावर काळी पट्टी छापायची आणि अक्षरं कोरी सोडायची. छापल्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा हात द्यायचा, नाहीतर पाण्यात शाई विरघळते. नंबर कुठल्या खर्‍या गाडीचा असलाच पाहिजे असं नाही, पण रचना बरोबर हवी.

दुसरं, रंग. हिरवी, किंवा वाळूच्या रंगावर हिरवे पट्टे. आणि एक तिसरा पर्याय आहे, जो मला सगळ्यात आवडतो: पांढरी. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगो आणि दक्षिण सुदानमध्ये आपल्या बीएमपी-२ पांढर्‍या रंगात गेल्या होत्या, बाजूला काळ्या अक्षरात ‘यूएन’. तिच्यावर आफ्रिकेची लाल धूळ बसवली की गाडी ओळखू येत नाही.

तिसरं, संदर्भ. २६ जानेवारीच्या संचलनाचे फोटो भरपूर मिळतात, पण त्या गाड्या धुऊन-पुसून चकाचक केलेल्या असतात. सरकारने स्वतः प्रसिद्ध केलेले सरावाचे फोटो बघा, तिथे मळ खरा दिसतो. आणि कृपा करून कॅन्टोन्मेंटच्या गेटवर मोबाइल काढू नका. छंदासाठी चौकीत बसायची वेळ आणू नका.

माळ्यावरचा बॅकलॉग

आता थोडं स्वतःच्या पायावर धोंडा. आमच्या छंदात न उघडलेल्या खोक्यांच्या ढिगाला स्टॅश म्हणतात. माझा स्टॅश माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी. दोन वर्षांपूर्वी मी एक्सेल शीट केली. घेतलेली किट: २३. पूर्ण केलेली: ४. आमच्या टीमच्या बॅकलॉगला मी नावं ठेवायचो, घरी तेच चाललं होतं.

शीट बघून एक गोष्ट कळली. मी गाड्या जमवत नव्हतो, खोकी जमवत होतो. सेल लागला, घे. मर्यादित आवृत्ती आली, घे. त्यातल्या निम्म्या गाड्यांमध्ये किती माणसं बसतात हे मला सांगता आलं नसतं.

तेव्हापासून तीन नियम. एक, एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरं किट नाही. दोन, विकत घेण्याआधी त्या गाडीबद्दल पाच ओळी स्वतःच्या शब्दात लिहायच्या: कुणी बनवली, कधी, किती माणसं, कुठे वापरली, कुठे फसली. पाच ओळी जमल्या नाहीत तर किट अजून माझं नाही. तीन, न होणारी किट देऊन टाकायची. बोरिवलीचा एक मित्र आणि मी आता अदलाबदल करतो, अंधेरी स्टेशनवर, पुलाखाली, दोघांच्या ऑफिसच्या वाटेवर. स्टॅश ११ वर आलाय.

परत त्या दरवाज्याकडे

भाऊबीज झाल्यावर मामा निघायच्या आदल्या रात्री मी त्याला विचारलं, आत नक्की कसं असतं? त्याने वर्तमानपत्राच्या कडेवर पेनाने काढून दाखवलं. एक जण पुढे, ड्रायव्हरच्या मागे. सहा जण मागे, तीन-तीन, पाठीला पाठ लावून, तोंड बाहेरच्या भिंतीकडे. मधे इंधनाची टाकी. मान थोडी वाकलेली. बाहेरचं दिसतं ते हाताएवढ्या काचेतून. राजस्थानात मे महिन्यात आतला पत्रा हाताला लागू द्यायचा नाही. आणि मागचे दोन दरवाजे पोकळ, त्यांच्या आतही डिझेल.

“दरवाज्यात डिझेल?” मी विचारलं.

“हो. पण आम्ही डिझेलचा विचार नाही करायचो,” मामा म्हणाला. “दरवाजा लवकर उघडतो का, एवढंच बघायचो. तो उघडला की आपण गाडीतले नाही, जमिनीवरचे. पायदळाला जमीन बरी वाटते.”

ही माहिती मी आधी वाचलेली होती. दरवाज्यातली टाकी, पाठीला पाठ, सगळं. पण मी ती चिलखताची जाडी आणि इंजिनाचे हॉर्सपॉवर यांच्या रांगेत ठेवली होती, एक स्पेसिफिकेशन म्हणून. त्या टाकीला टेकून बसलेला माणूस आमच्या घरी चकली खात होता, आणि मी त्याला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून आता मी किट घेताना आधी मागची बाजू बघतो. आतला भाग दिलाय का? टामियाच्या जुन्या एम-११३ मध्ये आतली बाकडी आणि रॅम्प आहे, सुरुवातीला ते उत्तम. दिलेला नसेल तर प्लॅस्टिक शीट कापून बाकडी स्वतः करतो. पेन्सिल-स्केलचं काम आहे, दोन रविवार जातात. बेल्ट म्हणून मास्किंग टेपच्या पट्ट्या.

सध्या टेबलावर दुसरी बीएमपी-२ आहे. हिरवी, भारतीय नंबरची. आत सात जागा मोजून बसवल्यात. मागचे दरवाजे बिजागरीवर आहेत, पिन म्हणून तांब्याची बारीक तार. मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ काही नाही. रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला, नऊ सेकंदांचा: “डावीकडची मधली जागा माझी. तिथे कुणाला बसवू नकोस.”

तर मंडळी, तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये, गावाकडे अशा गाडीत बसलेलं कुणी असेल तर किट उघडण्याआधी त्यांच्याशी बोला. सांगण्यासारखं तेवढंच सांगतील, बाकीचं खोदू नका. आणि पहिलं किट घेतलंत की फोटो पाठवा, मागच्या बाजूने काढलेला.

पुढच्या एपिसोडमध्ये ब्रशने रंग कसा द्यायचा ते सांगतो, एअरब्रशशिवाय. तोवर लोकलच्या दारात लटकू नका, आतमध्ये सरका. भेटू!